विचारच करू नकोस म्हणे!

"अगं, निकालाचा विचारच करू नकोस!" बसमध्ये एक काकू फोनवर लेकीला पुन्हा पुन्हा बजावत होत्या. सल्ला प्रेमाचा, पण उलटणारा.

मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांचा १९८७चा प्रयोग. विद्यार्थ्यांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही, आलाच तर घंटी वाजवा. घंट्या वाजतच राहिल्या. नंतर विचाराची मुभा दिली, तर अस्वल आणखीच उसळलं!

कारण मनात दोन कामं एकदम चालतात. एक दुसरा विषय शोधतं, दुसरं 'तो विचार आला नाही ना?' हे तपासतं. आणि तपासायचं म्हणजे तो विचार हाताशी ठेवणं आलंच. आपण दमलो की शोधणं ढिलं पडतं, पहारेकरी मात्र जागाच.

काहींना मात्र सांगितलं होतं, अस्वल आलं की लाल फोक्सवॅगन आठवा. त्यांच्यात ती उसळी बरीच कमी दिसली. मेख इथेच आहे: पर्याय एकच हवा आणि आधी ठरलेला. दर वेळी नवं काही शोधलं, की पंखा, खिडकी, घड्याळ, सगळ्यांनाच अस्वल चिकटतं.

एकोणतिसाचा पाढा, एखादी आरती, स्टेशनपर्यंतची दुकानं ओळीने... तुमचं काय ठरलंय?