मूळ सोडून हे का? तुम्ही विचारलंत म्हणून

पियानो शिकवायला लागून मला बावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत पालकांनी सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न ना परीक्षेचा, ना फीचा. तो असा: "मॅडम, तुम्ही मुलांना नोटेशनला इतकं धरून वाजवायला लावता, एक सूर इकडचा तिकडे खपवून घेत नाही. मग त्या रॉकवाल्यांनी मोडतोड केलेलं क्लासिकल त्यांना ऐकवता कशाला?" गेल्या महिन्यात एका आईंनी पुन्हा विचारलं. पुढची बॅच दारात उभी होती, धड बोलता आलं नाही. म्हणून आज लिहिते.

हा प्रश्न बहुतेक वेळा एकाच रेकॉर्डवरून येतो. इमर्सन, लेक अँड पामर या तिघा इंग्रजांच्या बँडनं २६ मार्च १९७१ ला न्यूकासलच्या सिटी हॉलमध्ये रशियन संगीतकार मुसॉर्गस्कीचं 'पिक्चर्स ॲट ॲन एक्झिबिशन' वाजवलं, त्या कार्यक्रमाची ही रेकॉर्ड.

आधी मूळ कृतीविषयी. व्हिक्टर हार्टमान हा वास्तुकार आणि चित्रकार मुसॉर्गस्कीचा जिवलग मित्र. १८७३ मध्ये तो गेला तेव्हा जेमतेम ३९ वर्षांचा होता. पुढच्या वर्षी पीटर्सबर्गला त्याच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं आणि त्यावरून मुसॉर्गस्कीनं १८७४ च्या उन्हाळ्यात ही पियानोरचना लिहिली. दहा चित्रं, आणि मधूनमधून येणारी 'प्रोमनाड' ही चालण्याची धून. मी ती मुलांना आधी सरगमनं म्हणायला लावते. सिंथेसायझर शिकायला येणाऱ्या आपल्या मुलांनी घरी पेटी ऐकलेली असते, त्यांना ते जवळचं वाटतं: ध प सा रे प ग, रे प ग सा रे ध प. सुरुवातीचे आणि शेवटचे ध-प खालच्या सप्तकातले. म नाही, नी नाही. सूर भूपाचे, पण भूप नव्हे, चलन अगदी वेगळं. पहिला तुकडा पाच मात्रांचा, दुसरा सहाचा. चित्रं बघत फिरणाऱ्या माणसाची पावलं कुठे एकसारखी पडतात?

हीच धून न्यूकासलच्या सभागृहात कीथ इमर्सननं तिथल्या पाइप ऑर्गनवर एकट्यानं वाजवली. ऑर्गनची बैठक रंगमंचाच्या मागे, वर, बऱ्याच पायऱ्या चढून. धून संपते आणि कार्ल पामरचा ड्रम घुमायला लागतो, घुमतच राहतो. इमर्सनला पायऱ्या उतरून खाली आपल्या हॅमंड ऑर्गन आणि मोग सिंथेसायझरपाशी यायला वेळ हवा, म्हणून. मुलांना मी हे आधी सांगत नाही. ड्रम चालू असतो तेव्हा विचारते, "आत्ता काय चाललं असेल?" एकदा एका मुलीनं डोळे मिटून सांगितलं, "कुणीतरी चालतंय." प्रोमनाडचा अर्थ तिला कुणी सांगितलेला नव्हता.

आता 'मोडतोड'. माझे काही गाणारे मित्र माझी बाजू घ्यायला म्हणतात, की अगं, आपल्याकडे बंदिश एकच आणि प्रत्येकाची बढत वेगळी, नाट्यसंगीतात तर बंदिशीच्या चालीवर नवं पदही बसतं, मग यात काय बिघडलं? त्यांचा हेतू चांगला आहे, पण हे उत्तर मला पटत नाही. बंदिश मुळात वाढवण्यासाठीच असते. मुसॉर्गस्कीनं सूर न् सूर लिहून ठेवलाय. त्याला हात लावणं ही मोठी गोष्ट आहे आणि ती मोठीच धरली पाहिजे. बँडनं दहातली चारच चित्रं ठेवली. मध्ये ग्रेग लेकनं गिटारवरचं स्वतःचं गाणं घातलं, एक ब्लूज घातला, शब्द घातले. शेवटच्या कीव्हच्या महाद्वाराला शब्दांची गरजच नव्हती असं मला दर वेळी वाटतं. ते दार हार्टमाननं नुसतं कागदावर काढलं, प्रत्यक्षात कधी उभं राहिलंच नाही. ते सुरांतच उभं राहतं, तेवढं पुरे. 'जुना किल्ला' तर मला सोसवतच नाही. मुळात ते संथ गाणं आहे, खाली खर्जासारखा एकच सूर पहिल्यापासून शेवटपर्यंत धरलेला. बँडनं त्याला पळवलं आणि त्यातला एकांत गेला. तिथे मी तुमच्या बाजूनं आहे.

पण 'बाबा यागा' ऐका. कोंबडीच्या पायांवर उभं असलेलं चेटकिणीचं झोपडं, हार्टमाननं घड्याळासाठी काढलेलं. मुसॉर्गस्कीनं तिथे पियानोला तालवाद्यासारखं वागवलंय, दोन्ही हात घणासारखे पडतात. पामरचे ड्रम तिथे वरून चिकटवलेले वाटतच नाहीत, ते त्या पानात आधीपासून दडलेले होते. माझी कसोटी एवढीच आहे: बँडला मूळ कृतीत काही ऐकू आलं का, की नुसती ओळखीची चाल उचलून वेग वाढवला? त्या काळात दुसऱ्या प्रकारचंही पुष्कळ निघालं. त्यात मी वेळ घालवत नाही.

हंगेरीचा संगीतकार बार्टोक याचं 'अलेग्रो बार्बारो' हे पियानोसाठीचं, १९११ चं. बँडनं आपल्या १९७० च्या पहिल्या रेकॉर्डवर ते घेतलं. सुरुवातीला लेकचा फाटलेल्या आवाजाचा बास येतो आणि बार्टोकच्या त्या ठोक्यांचं वजन कळतं. मधला भाग इमर्सन साध्या पियानोवरच ठेवतो. हे ज्यानं केलं त्यानं बार्टोक बोटांनी शिकलेला आहे. मात्र त्या रेकॉर्डवर बार्टोकचं नाव नव्हतं. दुसऱ्या एका गाण्यात चेक संगीतकार यानाचेकची 'सिन्फोनिएटा' घेतली, त्याचंही नाही. नावं नंतरच्या आवृत्त्यांवर आली. हे चूक होतं, आणि मी मुलांना ते तसंच सांगते. तीन वर्षांनी ते वेगळे वागले. अर्जेंटिनाचा संगीतकार हिनास्तेरा याच्या पहिल्या पियानो कॉन्चेर्तोचा (पियानो आणि वाद्यवृंदाच्या रचनेचा) शेवटचा भाग घ्यायचा होता, तर इमर्सन टेप घेऊन स्वतः जिनिव्हाला त्याच्या घरी गेला. हिनास्तेरानं ऐकलं, मनापासून पसंत केलं, आणि मग १९७३ च्या रेकॉर्डवर ती 'टोकाटा' आली. ज्याचं आहे त्याला आधी ऐकवायचं. माझ्या लेखी हा त्या सगळ्या काळातला सर्वांत सुंदर प्रसंग आहे.

माझ्या स्वतःच्या मिस फार कडक होत्या. सोळाव्या वर्षी मी ही कॅसेट भीतभीत त्यांच्याकडे नेली. त्यांनी पहिली बाजू पूर्ण ऐकली, मान हलवली नाही, नाक मुरडलं नाही. कॅसेट थांबल्यावर म्हणाल्या, "या मुलानं बाख भरपूर वाजवलाय." मग कपाटातून मुसॉर्गस्कीचं पुस्तक काढून माझ्यापुढे ठेवलं. त्या दिवसापर्यंत ते मूळ पियानोचं आहे हेच मला माहीत नव्हतं. मी फ्रेंच संगीतकार रावेलनं १९२२ मध्ये वाद्यवृंदासाठी केलेलं ऐकून तेच मूळ धरून बसले होते. रावेलनं 'जुना किल्ला' सॅक्सोफोनला दिला, एक प्रोमनाड गाळला. त्याबद्दल मला आजवर एकाही पालकानं विचारलेलं नाही.

आणि 'बिड्लो' या बैलगाडीच्या चित्राची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. मुसॉर्गस्कीच्या हस्तलिखितात ती गाडी पहिल्या सुरापासून दणदणीत आहे, कानाशी आल्यासारखी. मुसॉर्गस्की गेल्यावर संगीतकार रिम्स्की-कोर्साकोव्हनं १८८६ ची आवृत्ती काढली आणि सुरुवात हळू केली: गाडी लांबून येते, जवळून जाते. रावेलनं तेच उचललं, आणि कित्येकांच्या कानात तीच गाडी बसली. मुसॉर्गस्कीवर जीव असलेल्या, त्याच्याच मित्राचा हा हात होता.

म्हणून वर्गात माझा क्रम ठरलेला आहे. आधी पियानो, मग बँड, शेवटी रावेल, आणि तिन्ही वेळा मांडीवर मूळ नोटेशन उघडं. कुठे काय गाळलं, काय घातलं, हे मुलं पेन्सिलीनं खुणावतात. गेल्या पावसाळ्यात चौदा वर्षांच्या एका मुलानं 'बिड्लो'च्या पानावर मोठी फुली मारली, बँडनं ते वाजवलंच नाही म्हणून. त्याला फार वाईट वाटलं होतं. पुढच्या आठवड्यात तो भिजत आला, दप्तर खाली टाकलं आणि न विचारता पियानोपाशी बसला. डावा हात अजून कच्चा होता, पण पहिलाच सूर असा जोरात दिला की खिडकीची काच वाजली. हळू सुरुवात कर, असं मी त्याला सांगितलं नाही.