वीरगळांची नोंदवही, टप्पा 4: अखेर सीएमएस ठरलं

वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या स्मरणार्थ उभारलेला, कप्प्याकप्प्यांत कोरलेला दगड. अशा दगडांची नोंदवही वेबसाइटवर ठेवायला सीएमएस, म्हणजे साइटचा मजकूर सांभाळणारं सॉफ्टवेअर, हवं. त्यासाठी गेले तीन रविवार लॅपटॉपवर ह्यूगो, ड्रुपल आणि वर्डप्रेस बसवून त्याच पंधरा नोंदी तिन्हीकडे भरून पाहिल्या. आपला खरा मजकूर घातल्याशिवाय यातलं काही कळत नाही.

मला लेख नाही, नोंदी ठेवायच्या आहेत. गाव, तालुका, उंची, कप्पे किती. खालच्या कप्प्यात लढाई कसली, गुरं सोडवण्याची की बोरिवलीजवळच्या एकसरसारखी जहाजांवरची. वर शिवलिंगाची पूजा, कलश, चंद्र-सूर्य शाबूत आहेत का. उद्या कुणी ‘गोधनासाठी लढलेले सगळे’ मागितले तर एका क्लिकवर यायला हवेत.

ह्यूगो पहिल्याच संध्याकाळी बाद. वेग अफाट, डेटाबेसची भानगड नाही. पण निम्म्या नोंदी आमचे काका मोबाइलवरून भरणार आहेत, त्यांना मार्कडाउन (खुणा घालून मजकूर लिहिण्याची पद्धत) आणि गिट (फाइलींतले बदल नोंदवणारं साधन) शिकायला लावणं मला पटत नाही.

ड्रुपलने मन जिंकलं होतं. फील्ड हवी तशी जोडा, व्ह्यूजमधून हवी ती यादी काढा, आणि 2015च्या ड्रुपल 8पासून व्ह्यूज गाभ्यातच आहे. शोधात ‘रथ’ टाकला तर मात्र काहीच येईना. किमान तीन अक्षरांची अट मुळातच घातलेली असते. ती दोनवर आणून पुन्हा इंडेक्स केलं, म्हणजे शोधसूची नव्याने बनवली, की काम होतं. अडलं ते पुढे: अपडेटसाठी कंपोझर (कमांड लाइनवरून सॉफ्टवेअरचे भाग उतरवणारं साधन) हवा, आणि आमच्या स्वस्तातल्या होस्टिंगवर कमांड लाइनच नाही.

म्हणून वर्डप्रेस. ‘वीरगळ’ हा कस्टम पोस्ट टाइप, म्हणजे नोंदींचा स्वतंत्र प्रकार, मी थीममध्ये (साइटचं रूप ठरवणाऱ्या भागात) न लिहिता छोट्या वेगळ्या प्लगइनमध्ये (जोड-प्रोग्राममध्ये) लिहिला. थीम बदलली की नोंदी डॅशबोर्डवरून गायब होतात, तसं व्हायला नको. काकांना आता सात रकान्यांचा फॉर्म दिसतो, बाकी काही नाही.

इथे देवनागरीचा एक खड्डा आहे, तो नीट सांगतो. शीर्षक दिलं ‘किकली येथील भैरवनाथ मंदिराबाहेरील वीरगळ’. स्लग, म्हणजे पानाच्या वेबपत्त्यातला नावाचा भाग, तयार झाला ‘किकली-येथील-भैरवनाथ-मंदि’! स्लगला जागा 200 कॅरेक्टरची, आणि देवनागरीचं प्रत्येक अक्षर, वेलांटी, अनुस्वारसुद्धा, त्यात नऊ जागा खातं. म्हणजे जेमतेम बावीस चिन्हं. ‘मंदिरामागील’ नावाची दुसरी नोंद केली, तर तिचा स्लग तोच, फक्त शेवटी 2 जोडलेला. किकलीत तर वीरगळांची रांगच आहे, सगळ्यांचे पत्ते सारखे दिसले असते. आता स्लग म्हणून गावाचा छोटा कोड आणि नोंद क्रमांक देतो, शीर्षक मराठीत हवं तेवढं लांब.

दुसरी अडचण ‘ळ’ची. युनिकोडमध्ये तो ‘ल’च्या लगेच नंतर येतो, आपल्या वर्णमालेत ‘ह’नंतर. त्यामुळे गावांच्या यादीत कळंब कवठ्याच्या आधी लागतं. प्रत्येक गावाला क्रमाचं वेगळं फील्ड देऊन ते सोडवलं. गावं थोडी आहेत, जमून गेलं.

आजवर 163 पैकी 41 नोंदी चढल्या. पुढचा रविवार फोटोंच्या फाइलनावांसाठी. काकांनी भरलेल्या पहिल्या नोंदीत उंची फुटांत आहे, माझ्या सेंटिमीटरमध्ये, तेही त्याच दिवशी.