गाऱ्हाणे

देवगड तालुका, गुरुवार, रात्री साडेनऊ

आज मराठीच्या तासाला प्रकट वाचनाची पाळी माझ्यावर आली आणि ‘परिस्थिती’ या शब्दापाशी माझी जीभ थांबली. ओठ मिटले ते उघडेनात. मागच्या बाकावरून कोणीतरी माझी नक्कल केली, सारा वर्ग हसला आणि बाईंनी, मला सोडवण्यासाठीच असेल, तो शब्द स्वतः उच्चारून पुढच्या मुलीला वाचायला सांगितले. नकलेपेक्षा हे मला अधिक लागले, कारण तो शब्द माझ्यापाशी होता आणि थोडा वेळ मिळाला असता तर मी तो नक्की उच्चारला असता.

यंदा दहावी असल्यामुळे हे टाळताही येत नाही. मराठीच्या 100 गुणांपैकी 80 लेखी परीक्षेचे आणि 20 अंतर्गत मूल्यमापनाचे असतात, आणि त्या 20 मध्ये बोलणे आलेच. लेखी परीक्षेची मला भीती वाटत नाही.

घरी येताना मोहराचा वास सगळ्या घाटीवर भरून राहिला होता. बाबा कलमांवर फवारणी करत होते, म्हणून त्यांना काही सांगितले नाही. दप्तर ठेवून मी थेट ग्रामदेवतेच्या देवळात गेले. दुपारी तिथे कोणी नसते. सभामंडपातल्या खांबाला टेकून बसले, रडू आले तेवढे रडून घेतले आणि मग मार्गशीर्षातल्या जत्रेचा दिवस आठवला.

त्या दिवशी गाऱ्हाणे घालण्याचा मान असलेल्या वृद्ध मानकऱ्यांनी देवापुढे नारळ ठेवून ‘बा देवा म्हाराजा’ अशी हाक दिली आणि आजारी माणसांचे, मुंबईला असलेल्या चाकरमान्यांचे, आंब्याच्या पिकाचे, समुद्रावर जाणाऱ्यांचे एकेक मागणे ते देवाच्या कानावर घालू लागले. शाळेत जाणाऱ्या लेकरांपर्यंत आले आणि मध्येच थांबले. पुढचे शब्द विसरले की गळा दाटून आला, ते मला कळले नाही. एवढा मंडप भरलेला होता, पण कोणी हसले नाही आणि कोणी शब्दही पुरवला नाही. सगळे हात जोडून उभे राहिले. बऱ्याच वेळाने त्यांनी वाक्य पूर्ण केले, तेव्हा सर्वांनी एका आवाजात ‘व्हय म्हाराजा’ म्हटले, जणू मध्ये काही घडलेच नव्हते. देवासमोर थांबलेल्या माणसासाठी सारा गाव थांबतो, हे मी तेव्हा पाहिले होते. त्याचा अर्थ आज कळला.

शाळा सोडून घरूनच परीक्षेला बसावे का, असा कौल मनातल्या मनात लावावा, असे मला गेले काही दिवस वाटत होते. पण कौल लावला की देवाचा होकार की नकार हे कळण्यासाठी पाषाणावर लावलेली कळी उजवीकडून पडते की डावीकडून, याकडे डोळे लावून बसावे लागते, आणि मला निर्णय नको होता. मला माझे बोलणे पुरे होईपर्यंत कोणीतरी ऐकायला हवे होते. आमच्याकडे देवळात गाऱ्हाणे पुरुषच घालतात, तरी आज मी हळू आवाजात माझे स्वतःचे घातले. दोनदा अडखळले. गाभाऱ्यात समई तेवत होती, आणि तिथे कोणीतरी आहे, त्याला कुठेही जायचे नाही, ही जाणीव मला इतकी स्पष्ट झाली की तिसऱ्यांदा शब्द अडला तेव्हा मी घाबरले नाही.

संध्याकाळी आरतीला पुन्हा गेले. आरती म्हणताना मी कधीच अडखळत नाही. अनेकांनी एकत्र म्हटले किंवा गायले की तोतरेपणा कमी होतो, हे वाचोपचार करणाऱ्यांनाही ठाऊक आहे. ते मला पटते, आणि त्यामुळे माझ्या श्रद्धेला बाध येत नाही, कारण इतक्या आवाजांत माझा आवाज मिसळून घेणारे ठिकाण देवानेच मला दाखवले, असे मला मनापासून वाटते.

उद्या बाईंना भेटून एकच विनंती करणार आहे: शब्द अडला तर तो माझ्यासाठी उच्चारू नका, थोडे थांबा. हे वाक्य मोठे नाही, पण त्यात ‘थ’ आणि ‘ब’ दोन्ही आहेत, म्हणून ते वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवले आहे. आजी देवघरात वात सारखी करते आहे. ती झोपायला गेली की तिथेच बसून ते मोठ्याने म्हणून पाहणार आहे.