किनगाइटची नाचरी अस्वलं

किनगाइटमध्ये शिल्पकाराचं घर शोधायला पत्ता लागत नाही. ग्राइंडरचा आवाज येईल त्या दिशेने चालत सुटायचं.

कॅनडाच्या नुनावुत प्रदेशातलं हे इनुइट लोकांचं गाव बॅफिन बेटाच्या नैर्ऋत्य टोकाशी, एका छोट्या बेटावर वसलंय. वस्ती जेमतेम चौदाशेची. 2020 पर्यंत नकाशावर त्याचं नाव केप डॉर्सेट होतं. बाहेरून येणारा रस्ताच नाही, त्यामुळे आम्ही नुनावुतची राजधानी इकालुइटहून छोट्या विमानाने आलो. जुलै असूनही अंगात जाडजूड जॅकेट. झाड औषधालाही नाही. खालची जमीन बारमाही गोठलेली, म्हणून घरं खांबांवर उभी.

ज्यांना भेटायचं होतं ते गृहस्थ घरामागच्या फळकुटांच्या आडोशाला काम करत होते. खिडकीतून बाहेर सोडलेली लांबलचक वायर, तोंडाला मास्क, भुवयांवर पांढरी भुकटी. दगडाची धूळ छातीत बसते, त्यामुळे थंडी कितीही असो, कोरणं उघड्यावरच. समोर सर्पेंटाइन नावाच्या हिरवट दगडाचा ओबडधोबड ठोकळा. त्यातून अस्वलाची पाठ आणि वर उचललेला एक पाय एवढंच सुटलं होतं.

"रेखाचित्र काढता का आधी?" मी विचारलं.

"अस्वल पाहिलंय की मी," ते म्हणाले आणि पुन्हा ग्राइंडर सुरू केला.

माझा प्रश्न शहरी होता. हा माणूस शिकारी आहे. चामडं सोलताना खांद्याचा सांधा कुठे फिरतो हे त्याने हाताने चाचपलेलं असतं.

एका पायावर नाचणारं अस्वल ही इथले शिल्पकार पाउटा साइला यांची ओळख. 2009 मध्ये ते गेले, पण नाचरी अस्वलं गावात आजही घडतात. टणक दगडाचं एवढं धूड एका पंजावर तोलायचं म्हणजे गंमत नाही. इथलेच दुसरे शिल्पकार ओसुइटोक इपीली तर कॅरिबू हरणं काडीसारख्या पायांवर उभी करत. मऊ शंखजिऱ्यात असे पाय टिकले नसते. सर्पेंटाइन कठीण, म्हणून ते जमतं. हा दगड मात्र गावात मिळत नाही. किनाऱ्याकिनाऱ्याने दूर खाणीपर्यंत जायचं, हाताने फोडायचा आणि उन्हाळ्यात बोटीतून आणायचा. एवढे कष्ट कोरायला बसण्याआधीचे!

नंतर कानस, मग बादलीत बुडवून पॉलिश पेपर. आमच्या शिल्पकारांनी आधीचं एक तयार पिल्लू पाण्यात धरलं, तेव्हा राखाडी दगडातून गर्द हिरवा रंग आणि काळ्या शिरा वर आल्या. मला ती चकचकीत झिलई तितकीशी आवडत नाही. कानशीचे ओरखडे असलेलं अर्धवट अस्वलच जास्त जिवंत वाटलं. हे मी त्यांना बोललो नाही.

विक्री बहुतेक सहकारी संस्थेमार्फत. 1959 साली सुरू झालेली ही संस्था शिल्पं विकत घेऊन दक्षिणेकडे पाठवते. मोठ्या शहरांतल्या स्मरणवस्तूंच्या दुकानांत साच्यातली नकली अस्वलं ढिगाने मिळतात. म्हणून खऱ्या शिल्पावर इग्लूचं चित्र असलेला टॅग लावण्याची पद्धत 1958 पासून आहे. घेणाऱ्याने तो आधी बघावा.

ते नाचरं अस्वल माझ्या खिशाला आणि विमानातल्या वजनाच्या मर्यादेलाही झेपणारं नव्हतं. मी सील प्राण्याचं मुठीएवढं शिल्प घेतलं. शिल्पांच्या पैशांचं काय करणार, असं सहज विचारलं, तर त्यांनी बोटीच्या इंजिनाकडे बोट दाखवलं. पेट्रोल भरून आधी शिकारीला जायचं होतं. अस्वलाचे पुढचे पंजे परत आल्यावर.