जरा क्रॉप करून दे ना

आमच्या घराण्यात फोटो कापायचं खातं माझ्याकडे आहे. तसं कुणी ते सोपवलेलं नाही. एकदा आत्याच्या डीपीतून मागच्या दोरीवरचे वाळत घातलेले टॉवेल कापून दिले, तेवढंच निमित्त. तेव्हापासून रात्री साडेदहाला मेसेज येतो, "जरा क्रॉप करून दे ना." आणि फॉर्मची मुदत हटकून त्याच रात्री बाराला संपत असते.

परवा भाचीचा बँकभरतीचा फॉर्म होता. फोटो हवा २०० बाय २३० पिक्सेलचा, वजन २० ते ५० केबी. तिच्या फोनमधला फोटो ३००० बाय ४००० चा. म्हणजे घरात १ कोटी २० लाख ठिपके आणि बँकेला त्यातले हवेत ४६ हजार. हजार पत्रिका वाटायच्या आणि पंगतीला चार पानं मांडायची, तसला प्रकार.

बरं, त्याच ओळीत पुढे लिहिलेलं, फोटो ३.५ बाय ४.५ सेंटिमीटरचा असावा. आता साडेतीनला साडेचारनं भागलं तर ०.७८ येतात आणि २०० ला २३० नं भागलं तर ०.८७. एकाच फोटोची दोन मापं, आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत! भाचीनं आधी सेंटिमीटर पाळले, मग तोच फोटो ओढूनताणून पिक्सेलच्या मापात बसवला. पोरीला गालगुंड झाल्यासारखं दिसत होतं.

"मामा, साइज तर बरोबर आहे ना?"

साइज बरोबर होती, चेहरा चुकला होता. पँट लांब झाली तर शिंपी ती खालून कापतो, उकळत्या पाण्यात टाकून आटवत बसत नाही. फोटोचंही तसंच आहे. आधी २०:२३ ची चौकट पक्की करायची, डोक्यावर बोटभर जागा आणि खाली खांदे राहतील असं बेतायचं, कापायचं, आणि मग लहान करायचं. हा क्रम सगळ्यांना कळला तर माझं खातं बंद पडेल, म्हणून मी तो फारसा सांगत नाही. सहीला १४० बाय ६० ची पट्टी मिळते. भाची सहीखाली जो ऐटबाज फराटा मारते, तो त्यात बसला नाही. तिला नवी, शहाण्यासारखी सही करावी लागली.

इन्स्टाग्रामनं २०१० ते २०१५ अशी पाच वर्षं जगाला चौकोनात बसवलं, मग उभे-आडवे फोटो चालवून घेतले. व्हॉट्सअ‍ॅपचा डीपी मात्र गोल दिसतो, आणि चौकोनातून गोल काढला की पाचव्या हिश्शाहून थोडं जास्तच बाहेर जातं. आमच्या आईच्या बाबतीत त्या हिश्शात नेमका गजरा असतो. "चेहरा काय, सगळ्यांनी पाहिलेलाच आहे. गजरा दिसू दे," असा तिचा हुकूम. शेवटी फोटोच्या कडेनं पांढरी पट्टी जोडून तिला गोलात मावेल एवढी लहान केली. आता गजरा दिसतो, आई कोणती ते विचारावं लागतं.

पण खरी मजा बायोडाट्यात. मावशी सध्या चुलतबहिणीच्या मुलीसाठी स्थळं बघते आहे. एक बायोडाटा वर्डच्या फाइलमध्ये आला. "फोटो केवढासा आहे, मोठा करून दाखव." मुलगा एकटा, गंभीर, मागे डोंगर. मी फोटोवर क्लिक केलं आणि सवयीनं बोट क्रॉपवर गेलं.

वर्डमध्ये कापलेला भाग जात नाही, नुसता झाकला जातो. तो कायमचा काढून टाकायला वेगळा पर्याय असतो आणि त्या वाटेला सहसा कुणी जात नाही. चौकटीच्या दोन्ही बाजूंनी, करड्या रंगात, अख्खी सहल वर आली. जागा सिंहगड. सात पोरं, मध्ये पेपरावर कांदाभजी, पिठल्याचं पातेलं, एकानं डोक्यावर उलटं हेल्मेट घातलेलं. आपले गंभीर चिरंजीव प्रत्यक्षात हनुवटीखाली दोन्ही हातांत अर्धी खाल्लेली भजी धरून बसले होते. कापणाऱ्यानं हनुवटीखाली चौकट फार बेतानं आणली होती, कारागिरी मानावी लागेल. माझी खात्री आहे, त्यांच्या घरातही असा एक खातेदार असणार. मी घाईघाईनं फाइल बंद करायला गेलो. दुसऱ्याच्या झाकलेल्या पंगतीत डोकावल्यासारखं वाटत होतं.

"थांब थांब," मावशीनं माझा हात धरला. चष्मा वर सरकवून ती स्क्रीनजवळ वाकली.

"हा हेल्मेटवाल्याच्या शेजारचा कोण रे? ह्याचं झालंय का लग्न?"