सेल, गिरण्या आणि एलेन रुपेल शेल

एलेन रुपेल शेल या अमेरिकन पत्रकार बाईंची पुस्तकं मी उलट्या क्रमाने वाचली, आधी 2018 चं 'द जॉब', मग 2009 चं 'चीप' आणि शेवटी 2002 चं 'द हंग्री जीन', आणि तेच बरं झालं, कारण कामाबद्दल आधी वाचलेलं असलं की सेलबद्दल वाचताना डोक्यात एकच किडा वळवळत राहतो, एवढ्या स्वस्तात हे बनवलं कोणी आणि त्याला मिळाले किती?

'चीप'मध्ये वूलवर्थच्या पाच-दहा सेंटवाल्या दुकानांपासून आउटलेट मॉल, फर्निचरवाली स्वीडिश कंपनी आयकिया, सगळं येतं. मला आवडलं ते कोळंबीचं प्रकरण (मालवणी माणूस, दुसरं काय आवडणार). अमेरिकेत कोळंबी म्हणजे एकेकाळी खास दिवशी खायची चीज, ती पोटभर खा टाइप ऑफरमध्ये आली कारण तिकडे थायलंडमध्ये खारफुटी तोडून तळी खणली गेली.

पण बाईंचं एक मला पटत नाही. सेलची पाटी बघून मेंदू कसा चेकाळतो हे त्या छान सांगतात, आणि 2006 च्या 26 जानेवारीला बिग बझारने 'सबसे सस्ता दिन' काढला तेव्हा पोलीस बोलवायची वेळ आली होती हे आठवलं की वाटतं बरोबरच आहे, पण पगार झाल्यावर डीमार्टला जी रांग लागते ना, त्यातली बाई चेकाळलेली नसते हो, ती तेल, तूरडाळ आणि साबणाचा हिशोब तोंडपाठ करून आलेली असते. भरलेल्या कपाटासाठी स्वस्त घेणं वेगळं आणि महिना ढकलायला घेणं वेगळं. हा फरक पुस्तकात हवा तेवढा नाही.

तरी मूळ मुद्दा खरा आहे आणि तो बघायला अमेरिकेत जायची गरज नाही, लोअर परळ स्टेशनला उतरा. 18 जानेवारी 1982 ला कामगार नेते दत्ता सामंतांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार बाहेर, आणि मालकांनी कापड भिवंडीच्या पॉवरलूमवर विणून घेतलं. तिथे मजुरी कमी, ना युनियन ना पीएफ, त्यामुळे माल स्वस्त. संप कधी मागे घेतला असं कोणी जाहीर केलंच नाही. पुढे जमिनीला सोन्याचा भाव आला, फिनिक्स मिलच्या जागी मॉल झाला आणि 2021 मध्ये कमला मिल कंपाउंडमध्ये आयकियाचं दुकान उघडलं! 'चीप'मध्ये ज्या कंपनीवर अख्खं प्रकरण आहे तीच, आणि तीही गिरणीच्या आवारात.

'द जॉब' मात्र सरळ घ्याच. स्किल वाढवा म्हणजे नोकरी मिळेल, हा जो मंत्र आपल्याकडे प्रत्येक इंजिनिअरिंग कॉलेजच्या फ्लेक्सवर असतो, त्याची त्या सालटी काढतात. चांगल्या नोकऱ्याच कमी असतील तर कोर्स करून काय होणार. वाचताना मला ऑस्ट्रियातल्या मारिएन्थालचा 1930 च्या दशकातला अभ्यास आठवत होता. गावातली कापड गिरणी बंद पडली, माणसांना वेळच वेळ, लायब्ररीची फी सुद्धा माफ, तरी पुस्तकं नेणारे कमी झाले आणि पुरुष रस्त्यावर हळू चालायला लागले. बायका नाही, त्यांना घरचं काम होतंच. गिरणगावात संपानंतर कोण नाक्यावर बसलं आणि कोण डबे करायला लागलं हे तिथल्या कुठल्याही मावशीला विचारा. 'द जॉब'मधलं फिनलंडचं प्रकरण मात्र थोडं गुलाबी वाटलं, एवढ्याशा देशाचं उदाहरण आपल्याला किती पुरणार.

'द हंग्री जीन' विज्ञानाचं, लठ्ठपणावर, त्यात 1994 ला रॉकफेलर विद्यापीठात सापडलेल्या लेप्टिनच्या (भूक आवरणारं हार्मोन) जीनची शर्यत भारी रंगवलीये, पण आता औषधंच एवढी पुढे गेलीत की शेवटची पानं जुनी वाटतात.

2024 चं नवीन पुस्तक ईल माशांवर आहे, म्हणजे आपली वाम. तिच्या काचेसारख्या पिल्लांना अमेरिकेत पाउंडाला 2000 डॉलरच्या वर भाव गेला होता म्हणे, त्यावरून चोरटा धंदा, स्मगलिंग, सगळं. अजून घेतलेलं नाही, हार्डबॅकची किंमत बघितली आणि सेलची वाट बघत बसलोय.