कार्पेट क्लीनिंगच्या धंद्यासाठी व्हॅन निवडताना

पुण्यात सोफा-कार्पेट क्लीनिंगचा धंदा बऱ्याच जणांचा दुचाकीवर सुरू होतो. मशीन पायाशी, केमिकलचे कॅन मागे बांधलेले, होज गळ्यात. ऑफिसचं पहिलं मोठं काम मिळालं की हे चालत नाही आणि शोरूमच्या चकरा सुरू होतात. तिथे सगळं बोलणं हप्ता आणि मायलेजवर येऊन थांबतं. आमचं सांगणं एवढंच की शोरूमला जाण्याआधी दोन आकडे कागदावर घ्या. एक म्हणजे तुमच्या सामानाचं एकूण वजन. दुसरा म्हणजे जिथे कामं करता त्या सोसायट्यांच्या पार्किंगच्या तोंडाची उंची. बऱ्याचशा गाड्या या दोन आकड्यांवरच बाद होतात.

वजनाचा हिशेब असा मांडा. १० लिटर टाकीचं इंजेक्शन-एक्स्ट्रॅक्शन मशीन, म्हणजे शॅम्पूचं पाणी फवारून परत ओढून घेणारं, होज आणि हातात धरायच्या नळीसकट (वाँड) १५ किलो धरा. १७ इंची सिंगल डिस्क, म्हणजे गोल ब्रश फिरवून घासणारं मशीन, ४२ किलोच्या आसपास. मोठा वेट-ड्राय व्हॅक्यूम २३, साधा व्हॅक्यूम ९, वाळवायचे दोन ब्लोअर मिळून २७. शॅम्पू, प्री-स्प्रे, डाग काढायची केमिकल्स असे पाच लिटरचे आठ कॅन ४४ किलोला जातात. एक्स्टेन्शन बोर्ड, २५ मीटर केबल, जादा होज यांचे २०. ब्रश, पॅड, बादल्या, टॉवेल यांचे १५. पाण्याच्या १०० लिटरला टाकीसकट १०५. आतलं प्लायवूड आणि अँगलचे रॅक ६५, आणि हे बहुतेक जण धरतच नाहीत. बेरीज ३६५ किलो. शेजारी बसणारा मदतनीस ७० किलोचा धरला की ४३५. अजून गिऱ्हाइकाचं एकही कार्पेट गाडीत आलेलं नाही.

आता गाडीची वहनक्षमता. ती जाहिरातीत बघू नका, आरसी बुकात बघा. लेडन वेटमधून (भरलेल्या गाडीचं कमाल वजन) अनलेडन वेट (रिकाम्या गाडीचं वजन) वजा केलं की गाडीला किती सोसतं ते कळतं. सीएनजी गाडीचा सिलिंडर आणि किट यांचं वजन अनलेडनमध्ये धरलेलं असतं, त्यामुळे त्याच मॉडेलच्या पेट्रोल गाडीपेक्षा सीएनजीत माल कमी बसतो. वजाबाकीचं उत्तर तुमच्या बेरजेपेक्षा किमान शंभर किलोंनी जास्त असावं. काठोकाठ भरलेली छोटी व्हॅन महिनाभर मजेत चालते. मग मागचे टायर कडेने झिजायला लागतात, ब्रेक उशिरा लागतो आणि खड्ड्यात मागचं सस्पेन्शन बुडाला आपटतं. आपल्या रस्त्यांवर पावसाळ्यात खड्डा चुकवणं किती शक्य असतं ते वेगळं सांगायला नको.

पाणी का वाहायचं, असा प्रश्न येईल. गिऱ्हाइकाच्या घरी नळ असतोच. पण वाघोली, उंड्री, पिसोळी या बाजूला अनेक सोसायट्यांत टँकरचं किंवा बोअरचं पाणी असतं आणि ते जड असतं. जड पाण्यात शॅम्पू नीट काम करत नाही, सुकल्यावर धाग्यांवर पांढरट थर राहतो आणि मशीनला हीटर असेल तर त्यावर क्षार चढतात. पाच सीटर सोफ्याला एक-दोन टाक्या, म्हणजे १० ते २० लिटर पाणी लागतं. निदान शेवटच्या रिन्ससाठी आपलं मऊ पाणी जवळ असावं. सरसकट ३०० लिटरची टाकी मात्र बसवू नका. तेवढं पाणी म्हणजे सरळ ३०० किलो, आणि अर्ध्या भरलेल्या टाकीतलं पाणी बोपदेव घाटाच्या वळणावर गाडीला बाहेरच्या बाजूला ढकलतं. आत आडव्या पट्ट्या असलेली टाकी घ्या, नाहीतर एकाऐवजी २० लिटरचे पाच कॅन ठेवा. कॅन बरे, कारण ते लिफ्टने वरही नेता येतात.

परदेशी व्हिडिओंत दिसतात तशा, गाडीच्या इंजिनवर चालणाऱ्या मशीनच्या व्हॅनचा विचार इथे सोडूनच द्यावा. ती रचना घराच्या दारात गाडी लावून होज आत नेण्याची आहे. बाणेरला चौदाव्या मजल्यावर होज जात नाही. इथलं काम पोर्टेबल मशीनचं आहे, त्यामुळे गाडी म्हणजे सामान नेण्याचं साधन, आणि तिला लिफ्टच्या जास्तीत जास्त जवळ जाता आलं पाहिजे.

म्हणून दुसरा आकडा. अनेक बेसमेंटच्या तोंडाशी २.१ मीटरची पाटी असते. वर स्लॅब उंच दिसला तरी आत स्प्रिंक्लरचे पाईप आणि केबल ट्रे खाली लोंबतात. मारुती ईको कार्गोची उंची १.८२५ मीटर, ती आरामात जाते. तिच्यावर कॅरिअर टाकून शिडी बांधली की पाव मीटर उंची वाढते आणि गाडी २.१ मीटरच्या अगदी काठावर येऊन पाईपला अडू शकते, तेव्हा कॅरिअर नको. टाटा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती, उघडा असताना जातो. पण पावसामुळे आपण त्यावर पत्र्याचा बंद डबा चढवतो आणि डब्यासकट तो दोन मीटरच्या पार पुढे जातो. मग वॉचमन गाडी गेटवरच लावायला सांगतो. गेटपासून टॉवरच्या सर्व्हिस लिफ्टपर्यंत पेव्हर ब्लॉकवरून ट्रॉली ओढत दोन-तीन फेऱ्या जाताना आणि तेवढ्याच येताना. प्रत्येक कामामागे हा वेळ जातो. दिवसाला तीन घरं करणाऱ्याचं तिसरं घर यातच बुडतं.

घरगुती सोफा, गादी, जागेवर कार्पेट धुणं असा धंदा असेल तर आमचं मत ईको कार्गोच्या बाजूने आहे. रुंदी १.४७५ मीटर, त्यामुळे सदाशिव-नारायण पेठेच्या बोळांत अडकत नाही. सम-विषम पार्किंगच्या रस्त्यावर मोटारीच्या जागेत मावते. सरकते दरवाजे असल्याने दोन गाड्यांच्या मधे लावूनही सामान काढता येतं. मागचा दरवाजा मात्र वर उघडतो. गाडी भिंतीला टेकवून लावली की तो उघडतच नाही, आणि कमी उंचीच्या बेसमेंटमध्ये वरच्या पाईपला आपटू शकतो. रोज लागणारं सामान म्हणूनच सरकत्या दरवाज्याशी ठेवायचं आणि मागच्या बाजूला ब्लोअर, जादा कॅन अशा कधीमधी लागणाऱ्या वस्तू.

ईकोचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. साध्या तपासणीलाही सीट उचलावी लागते. सीटच्या पाठीला टेकवून रॅक पक्का केला तर सीट उचलता येत नाही आणि गॅरेजवाला आधी तुमचा रॅक खोलतो, त्याचे पैसे वेगळे. सीट पूर्ण उचलून, मागे किती जागा लागते ते बघून मगच रॅकची जागा ठरवा. याच कारणाने केमिकलचे कॅन सीटच्या पाठीशी ठेवू नयेत. उन्हाळ्यात वरून ऊन आणि खालून इंजिनची धग, कॅन फुगतात, झाकणातून गळतात आणि क्लोरीनचं काही असेल तर केबिनमध्ये बसवत नाही.

कार्पेट उचलून आणून कारखान्यात धुण्याचा धंदा असेल तर गणित पूर्ण बदलतं. तिथे वजनाआधी लांबी बघायची. कार्पेट गुंडाळलं की रोलची लांबी त्याच्या लहान बाजूइतकी होते. ५×८ फुटी कार्पेटचा रोल ५ फुटी. ६×९ चा रोल ६ फुटी, ईकोच्या मागच्या जागेत इथेच संपतं. टेप घेऊन जा आणि स्वतः मोजा. ८×१० चा रोल २.४४ मीटर. छोट्या हत्तीचा हौदा २.२ मीटर लांब आणि साधारण दीड मीटर रुंद, म्हणजे हा रोल तिरका टाकला तर बसतो, पण एकच. ९×१२ चा रोल २.७४ मीटरचा, तो तिरकाही बसत नाही. घडी घालून नेऊ, असं म्हणणारे भेटतात. हँड-टफ्टेड, म्हणजे हातयंत्राने कापडात धागे खोचून केलेल्या कार्पेटच्या पाठीला लॅटेक्सचा (रबरी चिकाचा) थर असतो, तो जुना झाला की ठिसूळ होतो आणि घडीवर तडकतो. धुण्याचे पैसे राहतात बाजूला, भरपाई द्यावी लागते. शिवाय ९×१२ चं लोकरी कार्पेट सुकं असताना ३० ते ४० किलो भरतं आणि ओलं झालं की त्याच्या दुपटीवर सहज जातं. अशी कार्पेट्स नेहमी येत असतील तर टाटा विंगर कार्गोसारखी सव्वातीन मीटर लांब जागा असलेली बंद व्हॅन हवी. ती उंच आहे, सोसायटीत आत जाणार नाही, पण इथे फक्त रोल खांद्यावर आणायचा असल्याने ते चालतं. ही दोन्ही कामं एकाच गाडीत बसवण्याच्या नादात माणसं मधल्या आकाराची गाडी घेतात आणि ती दोन्हीकडे अपुरी पडते. मोठी गाडी आठवड्यातून एक दिवस भाड्याने बोलावणं स्वस्त पडतं.

इंधनात शहरातल्या कामाला सीएनजी बरा. ईको कार्गोला पेट्रोलवर लिटरला २०.२० आणि सीएनजीवर किलोला २७.०५ किलोमीटर असा कंपनीचा प्रमाणित आकडा आहे. भरलेल्या गाडीला सिंहगड रोडच्या गर्दीत तेवढं मिळत नाही, पण दोन्हीतला फरक टिकतो. बदल्यात ताकद जाते, पेट्रोलवर ८०.७६ पीएस, सीएनजीवर ७१.६५. सपाट रस्त्यावर कळत नाही. बेसमेंटच्या उभ्या रॅम्पवर भरलेली गाडी थांबवून पुन्हा उचलताना कळतं, क्लच तिथेच जळतो. अशा रॅम्पवर आणि कात्रजच्या चढाला गाडी पेट्रोलवर चालवा. पंपावरची रांग हाही खर्चच. रात्री उशिरा किंवा पहाटे गॅस भरायची सवय लावली नाही तर सकाळची पहिली वेळ हुकते. सिलिंडरची चाचणी दर तीन वर्षांनी करावी लागते.

डिझेल छोट्या अंतरासाठी घेऊ नये. बीएस-६ डिझेलच्या धुराड्यात काजळी अडवणारा डीपीएफ असतो आणि तो साफ व्हायला गाडी सलग, तापून चालावी लागते. कोथरूडहून कर्वेनगर, तिथून वारजे, प्रत्येक ठिकाणी दोन तास बंद, असं चाललं की तो तुंबतो. मुंबई-लोणावळ्याची नियमित कामं असतील तर डिझेलचा विचार करा. इलेक्ट्रिकमध्ये २०२२ साली आलेली टाटा एस ईव्ही आहे, वहनक्षमता ६०० किलो. रात्री स्वतःच्या जागेत चार्जिंगची पक्की सोय असेल तरच.

कागदपत्रांत एक गोष्ट ठाम सांगतो. प्रवासी ईको पांढऱ्या नंबर प्लेटवर घेऊन, मागच्या सीट काढून त्यात धंदा करू नका. सीट काढणं हा नोंदणीतला बदल ठरतो आणि अपघात झाला की विमा कंपनी पहिलं बोट तिथेच ठेवते. कार्गो मॉडेल पिवळ्या प्लेटवर घ्या. एकूण वजन ३,००० किलोंपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. फिटनेस आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी. साधा एलएमव्ही (हलक्या मोटार वाहनाचा) परवाना अशा गाडीला चालतो, नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानेच ते स्पष्ट केलं आहे. गाडीच्या विम्यात आतली मशीनं येत नाहीत, त्यांचा वेगळा काढा. हिंजवडी-खराडीच्या आयटी पार्कात रात्रीची कामं करणार असाल तर आरसी, विमा, पीयूसी, परवाना यांच्या प्रती आणि मशीनची अनुक्रमांकासकट यादी गाडीतच ठेवा. परत नेण्याच्या सामानाचा गेटपास आत जातानाच केला नाही तर पहाटे सामान बाहेर काढता येत नाही.

फिटिंगमध्ये पैसे वाचवू नयेत अशी जागा म्हणजे फरशी. या धंद्यात गाडीत पाणी सांडणारच. साधं प्लाय वर्षभरात फुगतं आणि त्याच्याखाली पत्रा गंजतो, तो वरून दिसत नाही. मरीन प्लाय घ्या, कापलेल्या सगळ्या कडा रंगाने किंवा रेझिनने बंद करा, वर रबर मॅट चिकटवू नका, नुसती अंथरा, म्हणजे आठवड्याला उचलून खाली वाळवता येते. ड्रिल मारण्याआधी गाडीखाली वाकून बघा. ब्रेकच्या नळ्या, पेट्रोलची टाकी आणि गॅसची लाईन कुठून जाते ते खडूने वर आखून घ्या. प्रत्येक भोकाला गंजरोधक रंग. रॅकच्या प्रत्येक फळीला पुढून दोन इंची पट्टी हवी. सिंगल डिस्क सर्वात खाली, मागच्या चाकांच्या पुढे, रॅचेट बेल्टने दोन ठिकाणी बांधलेली. ती रोज दोघांनी उचलायची असेल तर कंबर जाते. फरशी ६० सेंटिमीटर उंचीवर असेल तर १.८ मीटरचा ॲल्युमिनियमचा रॅम्प करून घ्या, त्याहून आखूड रॅम्पवरून ४२ किलोचं मशीन एकट्याला चढवत नाही. घाण पाणी गाडीत आणू नका, गिऱ्हाइकाच्या बाथरूममध्येच ओता. पार्किंगच्या पावसाळी गटारात तर मुळीच नको, ते नाल्यातून नदीला जातं.

जुनी व्हॅन बघताना बॉडीच्या चकाकीपेक्षा सरकत्या दरवाज्याचे रोलर, मागच्या चाकाच्या कमानीखालचा पत्रा आणि सिलिंडरच्या चाचणीची तारीख बघा. आधी भाजी-दूध वाहिलेली गाडी शक्यतो नको, पत्र्याला पाणी मुरलेलं असतं.

फिटिंग पूर्ण झालं की पाणी, केमिकल, माणसं सगळं भरून गाडी वजनकाट्यावर न्या. आधी पूर्ण गाडीचं वजन, मग फक्त मागची चाकं काट्यावर ठेवून मागच्या एक्सलचं. मागे फार भार निघाला तर पाण्याचे कॅन सीटच्या बाजूला सरकवा आणि पुन्हा तोला. टायरची हवा दरवाज्याजवळच्या स्टिकरवर भरलेल्या गाडीसाठी जी दिली असेल तीच भरा, आणि ती सकाळी, टायर थंड असताना.